नगरच्या किल्ल्यातील दोन ग्रंथ आणि दुसरे महायुद्ध : 'भारताचा शोध' व 'गुबार-ए-खातिर' यांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

पदवी परीक्षेच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'दुसऱ्या महायुद्धाची कारणे व परिणाम स्पष्ट करा' हा प्रश्न इतक्या वेळा येऊन गेला आहे, की त्याच्या उत्तरालाही एक ठरीव साचा प्राप्त झाला आहे. व्हर्सायचा तह, जागतिक मंदी, हुकूमशाहीचा उदय, राष्ट्रसंघाचे अपयश, तुष्टीकरणाचे धोरण ही कारणे. जर्मनीची फाळणी, संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना, शीतयुद्ध आणि वसाहतींचे स्वातंत्र्य हे परिणाम. या साच्यात चुकीचे असे काही नाही. त्यातील उणीव निराळी आहे. या उत्तरात युद्ध सर्वस्वी युरोपात घडते आणि भारत त्यात अगदी शेवटच्या मुद्द्यात, एक परिणाम म्हणून प्रवेश करतो. वस्तुतः ज्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत हे उत्तर वर्षानुवर्षे लिहिले जाते, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात, युद्ध ऐन भरात असताना दोन ग्रंथ आकाराला आले. पं. जवाहरलाल नेहरू यांचा 'भारताचा शोध' आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांचा 'गुबार-ए-खातिर'. दोन्ही १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दोन्ही ग्रंथांना कीर्तीची वाण नाही. मात्र ती कीर्ती त्यांच्या युद्धाशी असलेल्या नात्यावर उभी नाही. 'भारताचा शोध' हा सिंधू संस्कृतीपासूनच्या भारतीय इतिहासाचा ललितरम्य आढावा म्हणून वाचला जातो आणि 'गुबार-ए-खातिर' उर्दू गद्याचा, चहाच्या आणि चिमण्यांच्या वर्णनांचा नमुना म्हणून. इतिहास विभाग पहिल्यातील उतारे घेतो, भाषा विभाग दुसऱ्याचा उल्लेख करतो आणि दोन्ही विभागांच्या भिंतीमध्ये युद्ध हरवून जाते. हे दोन्ही ग्रंथ मुळात युद्धग्रंथ आहेत, एक त्याविषयी बोलून आणि दुसरा बव्हंशी न बोलून, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर, किल्ल्याच्या खंदकापलीकडे पसरलेल्या मुलखाचे युद्ध या दोन्हींत फारसे का उतरले नाही, हा प्रश्नही विचारणे आवश्यक ठरते.

किल्ला आणि त्याचे कैदी

युद्ध आणि नगर यांचा संबंध १९४२ मध्ये जुळला असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धकैदी नगरला आणून ठेवण्यात आले होते. पहिल्या महायुद्धात भारतातील जर्मन नागरिकांची मोठी छावणी येथेच होती. १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेल्यावर पुन्हा जर्मन नागरिकांना नगरला स्थानबद्ध करण्यात आले. पुढे तिबेटमधील वास्तव्यामुळे प्रसिद्धीस आलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हा त्यांपैकी एक होय. हिटलरच्या छळातून निसटून भारतात आलेले काही ज्यू निर्वासितही केवळ पारपत्र जर्मन असल्यामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि नाझी समर्थकांबरोबरच कुंपणाआड गेले. युद्धाची कारणे समजून घेण्यासाठी याहून विदारक धडा शोधावा लागणार नाही. तो आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, एवढेच.

काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य या परंपरेतील पुढचे कैदी. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक येथे 'भारत छोडो' ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली. खास गाडीतून निघालेल्या नेत्यांपैकी गांधीजींना वाटेत चिंचवड येथे उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. कार्यकारिणीच्या सदस्यांना घेऊन गाडी नगरच्या दिशेने पुढे गेली. दौंड-मनमाड लोहमार्गावर भीमा ओलांडली की नगर जिल्हा सुरू होतो आणि काष्टी येते. श्रीगोंदे तालुक्यातील हे जनावरांच्या बाजाराचे गाव त्या गाडीने त्या दिवशी मागे टाकले. गाडीत कोण आहे हे रुळालगतच्या शेतांत कोणाला कळले असण्याचा संभव नव्हता. हे अंतर, म्हणजे गाडी आणि शेत यांमधले, पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे लागेल.

किल्ल्यात एकूण बारा जण होते. नेहरू, आझाद, सरदार पटेल, गोविंदवल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव. नेहरूंनी आपला ग्रंथ या सहबंद्यांनाच अर्पण केला असून अर्पणपत्रिकेत ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ हा काळ नमूद केला आहे. जगाच्या इतिहासातील स्टालिनग्राड, नॉर्मंडी आणि इंफाळ हे सारे या दोन तारखांच्या आत येते.

'भारताचा शोध' : युद्धाच्या चौकटीत बसविलेला इतिहास

नेहरूंनी हा ग्रंथ एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिला. हस्तलिखित सुमारे हजार पृष्ठांचे झाले. रचनेकडे पाहिले असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच लक्षात यावी, तरीही ती सहसा नोंदविली जात नाही. ग्रंथ किल्ल्यात सुरू होतो आणि दहाव्या प्रकरणात पुन्हा किल्ल्यात परततो. पहिले प्रकरण 'अहमदनगरचा किल्ला' असे आहे, दहावे 'पुन्हा अहमदनगरचा किल्ला' असे, आणि त्याच्या लगेच आधीचे, नववे प्रकरण सर्वस्वी दुसऱ्या महायुद्धाला वाहिलेले आहे. सिंधू संस्कृती, बुद्ध, अशोक, अकबर, कंपनीचे राज्य हे सारे या चौकटीच्या आत येते. पाच हजार वर्षांचा प्रवास करून लेखक ज्या ठिकाणी येऊन थांबतो ते युद्धकैद्याचे ठिकाण आहे. तेव्हा युद्ध हे या ग्रंथाचे एक प्रकरण मानण्यापेक्षा, ज्या प्रश्नासाठी सारा इतिहास चाळला गेला तो प्रश्न मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

कारणमीमांसेत नेहरूंची भूमिका निःसंदिग्ध आहे. साम्राज्यवाद आणि फॅसिझम ही त्यांच्या मते एकाच कुळातील भावंडे होत. युरोपने आपल्या वसाहतींत जे दीर्घकाळ केले, तेच नाझींनी युरोपात आणून दाखविले, हा या विचाराचा गाभा. ही भूमिका युद्ध सुरू झाल्यावर सोयीसाठी घेतलेली नव्हती. १९२७ च्या मद्रास काँग्रेसनेच साम्राज्यवादी युद्धात भारत सामील होऊ शकणार नाही असे बजावले होते. मांचुरिया (१९३१), ॲबिसिनिया (१९३५), स्पेन, चीन, म्युनिक (१९३८) या प्रत्येक टप्प्यावर काँग्रेसने आक्रमकाचा निषेध केला आणि ब्रिटिश सरकारच्या तुष्टीकरणालाही विरोध केला. चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. नेहरू नगरच्या किल्ल्यात असतानाच, डिसेंबर १९४२ मध्ये, त्यांना चीनमध्येच मृत्यू आला. तात्पर्य, फॅसिझमविरोधी लढ्यात भारतीय राष्ट्रवाद ब्रिटनच्या आधी उतरला होता, हा नेहरूंचा दावा पुराव्याने टिकणारा आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले, तेव्हा या साऱ्या पूर्वपीठिकेवर बोळा फिरला. १४ सप्टेंबरच्या, वर्ध्यात संमत झालेल्या आणि नेहरूंनीच लिहिलेल्या निवेदनात ब्रिटनला एकच सरळ प्रश्न होता : युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर त्या लोकशाहीत भारत येतो की नाही? उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला.

तथापि या तात्त्विक विवेचनापेक्षा ग्रंथातील एक व्यक्तिगत भाग कारणमीमांसेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. दुसऱ्या प्रकरणात नेहरू पत्नी कमला यांच्या अखेरच्या आजाराविषयी लिहितात. उपचार चालले होते ते बाडेनवायलर येथे, म्हणजे नाझी जर्मनीत. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. अस्थी घेऊन विमानाने परतताना नेहरूंना रोममध्ये थांबावे लागले आणि मुसोलिनीच्या भेटीसाठी त्यांच्यावर आग्रहाचा मोठा दाब आला. ॲबिसिनियावरील आक्रमण त्या वेळी चालूच होते. या भेटीचा प्रचारासाठी उपयोग होईल हे ओळखून नेहरूंनी ती निग्रहाने टाळली. समीक्षकांनी हा प्रसंग बहुधा नेहरूंच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून उद्धृत केला आहे. त्यातील साहित्यिक मर्म मात्र निराळे आहे. येथे खाजगी शोक आणि जगाचे राजकारण एकाच परिच्छेदात, एकाच विमानतळावर समोरासमोर येतात, आणि लेखक त्यांना जोडणारे कोणतेही भाष्य करीत नाही. नेहरूंच्या एरवी ओघवत्या, क्वचित पाल्हाळिक होणाऱ्या शैलीत हा संयम दुर्मिळ आहे. महायुद्ध कसे जवळ येत होते, याचे भान तेथे पाच कारणांच्या यादीपेक्षा अधिक नेमकेपणाने होते.

परिणामांच्या बाबतीत ग्रंथ दोन ठिकाणी दोन पातळ्यांवर वावरतो. पहिले ठिकाण बंगालच्या दुष्काळाचे. पहिल्याच प्रकरणात, चंद्रकोर आणि बंदिवासातील दिवसांचे वर्णन संपते न संपते तोच, मलबार, विजापूर, ओरिसा आणि सर्वांत अधिक बंगालमध्ये अन्नाविना मरणाऱ्या माणसांचा उल्लेख येतो. वाक्ये आखूड होतात, विशेषणांवर विशेषणे चढतात. हा दुष्काळ निसर्गाचा नसून मानवनिर्मित आहे, तो आधी दिसू शकत होता आणि टाळता येत होता, असे नेहरू ठामपणे म्हणतात. मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्याने ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला होता. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरील नावा काढून घेण्यात आल्या होत्या. आणि सैन्याच्या खरेदीने भाव भडकले होते. चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मधील आपल्या अभ्यासात ती सुमारे ३० लाखांपर्यंत जात असल्याचे दाखविले आणि धान्याच्या तुटवड्यापेक्षा धान्य विकत घेण्याची ऐपत संपणे हे कारण पुढे आणले. किल्ल्यात बसलेल्या कैद्याने वृत्तपत्रांच्या आधारे काढलेला निष्कर्ष पुढील संशोधनाने मोडीत निघाला नाही, उलट पक्का झाला. युद्धाचे कारण आणि परिणाम यांची गाठ ग्रंथात खऱ्या अर्थाने पडते ती येथेच : परकीय सत्तेने परस्पर पुकारलेले युद्ध आणि भाताच्या मुलखात भातावाचून पडलेली प्रेते.

दुसरे ठिकाण युद्धोत्तर जगाविषयीच्या भाकितांचे. दहाव्या प्रकरणात नेहरू मॅकिंडर, स्पाइकमन, लिपमन यांच्या भूराजकीय विचारांचा परामर्श घेतात, अमेरिका व सोव्हिएत रशिया या दोन सत्तांच्या उदयाची दखल घेतात आणि छोट्या राष्ट्रराज्यांचे दिवस संपले असून यापुढे मोठे संघच टिकतील असे मानतात. येथे नेहरूंमधील द्रष्टा आणि वाचक यांची गल्लत झाली आहे असे म्हणावे लागते. त्यांनी वाचलेल्या पुस्तकांच्या तर्काने छोटे राष्ट्र कालबाह्य ठरत होते; प्रत्यक्षात युद्धाने नेमकी उलट प्रक्रिया सुरू केली. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे संस्थापक सदस्य ५१ होते. आज सदस्यसंख्या १९३ आहे. ज्या देशाचा शोध ग्रंथात चालला होता, त्याचीही ग्रंथ प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्याच वर्षी फाळणी झाली. फाळणीच्या प्रश्नावर नेहरूंनी त्याच प्रकरणात स्वतंत्रपणे लिहिले आहे, परंतु तेथेही युक्तिवाद आर्थिक व्यवहार्यतेचा आहे, भयाचा नाही. युद्धकाळाने माणसांच्या मनात साठविलेले भय हा परिणाम या विश्लेषक दृष्टीच्या कक्षेबाहेर राहिला.

'गुबार-ए-खातिर' : बोलून झालेल्याचे मौन

आझादांचा ग्रंथ पत्ररूप आहे. नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्याला उद्देशून लिहिलेली, परंतु तुरुंगातून कधीच न पाठविलेली ही पत्रे. पोचणार नाही हे माहीत असूनही पत्र लिहीत राहणे, या एका कृतीतच बंदिवासाचे सारे स्वरूप सामावले आहे. शीर्षकाचा अर्थ मनावर साचलेली धूळ. १० ऑगस्ट १९४२ च्या पत्रात अटकेचे, प्रवासाचे वर्णन आहे आणि निजामशाहीच्या या किल्ल्याचा इतिहासही आहे. त्यानंतर पहाटेचा चहा, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, ईश्वराचे अस्तित्व, संगीत. युद्ध कोठे आहे?

या प्रश्नाचे सोपे उत्तर असे दिले जाते की आझादांनी पलायन केले. राजकारण बाजूला ठेवून ते भाषावैभवात रमले. हे उत्तर स्वीकारण्यास आझादांचे पूर्वचरित्र आड येते. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९१२ मध्ये, त्यांनी 'अल-हिलाल' सुरू केले. युद्ध सुरू होताच १९१४ मध्ये सरकारने ते बंद पाडले. १९१६ मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले आणि १९१९ च्या अखेरपर्यंत ते रांचीत स्थानबद्ध होते. त्या युद्धाचा परिणाम म्हणून उभी राहिलेली खिलाफत चळवळ त्यांच्या नेतृत्वाचे क्षेत्र बनली. एका महायुद्धावर ज्याने आपला सारा आवाज खर्च केला आणि त्याची परिणती पाहिली, तो दुसऱ्यात निराळ्या रीतीने लिहितो, यात पलायन पाहणे घाईचे ठरेल. शिवाय युद्धकाळातील राजकीय वाटाघाटी, गांधीजींशी अहिंसेच्या प्रश्नावर झालेले मतभेद, जपानी आक्रमणाची शक्यता यांविषयी सांगण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते. ते त्यांनी पुढे हुमायून कबीर यांच्याकडून शब्दबद्ध करवून घेतलेल्या आत्मकथनात सांगितले. १९५९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. म्हणजे 'गुबार-ए-खातिर' मधील मौन हा निवड केलेला मार्ग होता.

आणि ते मौन पूर्ण आहे असेही नाही. एका पत्रात आझाद ज्वाँव्हिल या फ्रेंच इतिवृत्तकाराच्या आधारे १३ व्या शतकातील नवव्या लुईच्या इजिप्तवरील मोहिमेविषयी लिहितात. त्या काळी युरोपचे धर्मयोद्धे शत्रूच्या अग्नीवर्षावासमोर गुडघे टेकून प्रार्थना करीत होते आणि अग्नी हाताळण्याचे ज्ञान अरबांपाशी होते. काही शतकांनी पारडे फिरले. नेपोलियन इजिप्तवर आला तेव्हा संकटनिवारणासाठी धर्मग्रंथाच्या पठणाचा उपाय सुचविणारे विद्वान इजिप्तमध्ये होते आणि तोफा युरोपच्या हाती. आझाद हा विरोधाभास मांडून वाचकाला तेथेच सोडतात. १९४२ चे नावही घेत नाहीत. परंतु ज्या वर्षांत प्रयोगशाळा आणि शस्त्रागार यांच्यातील सीमारेषा पुसली जात होती, त्या वर्षांत लिहिलेले हे पृष्ठ निव्वळ इतिहासरंजन म्हणून वाचता येत नाही. नेहरूंना युद्धाचे कारण सत्तेच्या रचनेत दिसते; आझाद त्याहून मागे जाऊन, ज्ञान कोणाकडे आहे आणि कोण केवळ मंत्रावर विसंबून आहे, असे विचारतात. मुस्लिम समाजातील एका धर्मपंडिताने हा प्रश्न आपल्याच परंपरेला उद्देशून विचारावा, हे धाडस कमी लेखता येणार नाही. उर्दू समीक्षेने या ग्रंथाच्या शैलीचे जेवढे कौतुक केले, तेवढे लक्ष या पत्रातील विचाराकडे दिले असते तर बरे झाले असते.

९ एप्रिल १९४३ रोजी आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले. त्यानंतर लवकरच लिहिलेले पत्र हा या ग्रंथाचा कळस होय. आजारपणाची बातमी येत असताना सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती तातडीने पोचविण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दाखविली होती. आझादांनी ती नाकारली. पत्रात ते आपला शोक मांडतात, परंतु त्याहून अधिक कठोरपणे आपल्या शांततेचा पंचनामा करतात. दिनक्रम तसूभरही ढळू दिला नाही, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, या सगळ्यात खरेपणा किती आणि देखावा किती, हे ते स्वतःलाच विचारतात. शेवटी किल्ल्याच्या आवारातील एका जुन्या, अनाम कबरीकडे त्यांची दृष्टी जाते. आजवर शेकडो वेळा पाहिलेल्या त्या कबरीविषयी आता एक निराळीच आपुलकी वाटू लागल्याचे ते लिहितात.

याच आवारात नेहरू बागेसाठी जमीन खणत होते. माती निकृष्ट, खडीगोट्यांनी आणि पडक्या बांधकामांच्या मलब्याने भरलेली. कुदळीला जुन्या भिंती लागल्या, एका ठिकाणी दगडात कोरलेले कमळ दिसले. त्यावरून त्यांचे मन चांदबिबीकडे आणि मग साऱ्या भूतकाळाकडे वळले, आणि कुदळ ठेवून त्यांनी लेखणी घेतली. एकाला जमिनीत कमळ सापडले, दुसऱ्याला जमिनीवर कबर दिसली. नेहरूंसाठी मलबा हा शोधाचा आरंभ आहे, आझादांसाठी तो सोबती आहे. युद्धाने हिरावून घेतलेल्या दोन सहधर्मचारिणींविषयीची पृष्ठे शेजारी ठेवून वाचणे उचित झाले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो आवरला पाहिजे. कमला नेहरूंचा मृत्यू युद्धापूर्वीचा आहे आणि क्षयाने झालेला आहे. जुलेखा बेगमांच्या बाबतीतही युद्धाने केले ते एवढेच, की भेट होऊ दिली नाही. पण साहित्यात पुष्कळदा युद्धाचा परिणाम याच मापाने मोजावा लागतो.

खंदकापलीकडे

दोन्ही ग्रंथांनी नगरची जमीन खणली, न्याहाळली. त्या जमिनीवर त्या वेळी राहणारा माणूस मात्र दोहोंतही जवळजवळ नाही. याचा दोष लेखकांना देणे अन्यायाचे होईल. त्यांना भेटीगाठी नव्हत्या. बाहेरचे जग वृत्तपत्रांच्या फटीतून दिसत होते. नगरचेच अच्युतराव पटवर्धन त्या काळात भूमिगत राहून लढा चालवीत होते, पण भिंतीच्या आतल्यांशी बोलणे त्यांनाही शक्य नव्हते. तरीही वाचकाने ही उणीव ओळखून ती अन्य साधनांनी भरून काढणे अगत्याचे आहे.

काष्टीसारख्या बाजाराच्या गावाला महायुद्ध समजले असेल ते भावांतून. त्या भाववाढीची शास्त्रीय चिकित्सा किल्ल्यापासून फार दूर नव्हे, पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेत चालली होती. धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांचा युद्ध आणि भारतीय आर्थिक धोरण यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धखर्चाची यंत्रणा समजून घेतल्याखेरीज या काळाचा अर्थ लागत नाही. ब्रिटन भारतात सैन्यासाठी माल घेई, त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने भारताच्या खाती जमा होई आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. माल देशाबाहेर किंवा छावणीत, कागद देशात. १९३९ ते १९४५ या काळात चलनी नोटा सहापटींच्या आसपास वाढल्या. युद्धाअखेर भारताची स्टर्लिंग शिल्लक १३० कोटी पौंडांच्या घरात होती. सावकार बनलेला हा ऋणको देश उपाशी होता. नेहरूंच्या दुष्काळावरील पृष्ठांतील संताप आणि गाडगीळांच्या विवेचनातील आकडे एकमेकांशेजारी ठेवले तर दोहोंचे बळ वाढते. पुढे हेच गाडगीळ याच जिल्ह्यात, लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. युद्धाच्या अर्थकारणाचा अभ्यासक आणि शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळवून देणारी संस्था यांचा हा संबंध योगायोगाचा मानण्याचे कारण नाही.

युद्धाविषयी एकच भारतीय भूमिका होती, असाही समज या दोन ग्रंथांच्या वाचनाने होऊ नये. जुलै १९४२ मध्ये, म्हणजे कार्यकारिणीची गाडी नगरकडे निघण्याच्या आदल्याच महिन्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या दृष्टीने नाझी विजय हे दलितांवरील थेट संकट होते. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराची दारे बंद झालेल्या महारांची पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे पुन्हा उभी राहिली, हा त्यांच्या समाजासाठी युद्धाचा अत्यंत मूर्त परिणाम होता. फॅसिझमला विरोध हा नेहरू आणि आंबेडकर यांच्यातील समान दुवा. त्या विरोधासाठी कोणती किंमत आधी वसूल करावयाची, याविषयीचा मतभेद मोठा. 'भारताचा शोध' मध्ये या दुसऱ्या बाजूला फारसा वाव मिळालेला नाही.

आणि सैनिक. १९४५ पर्यंत भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. ८७,००० हून अधिक जण मरण पावले. हे सैन्य सक्तीच्या भरतीचे नव्हते. परंतु अवर्षणाच्या मुलखात पावसाची आणि पगाराची तुलना होते, तेव्हा 'स्वेच्छा' हा शब्द जपूनच वापरावा लागतो. नगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात निमज हे गाव आहे. तेथील नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. २८ मार्च १९४५ रोजी किल्ल्यातील कैद्यांचे नगरमधील वास्तव्य संपले. त्यानंतर बारा दिवसांनी, ९ एप्रिल रोजी, इटलीतील सेनियो नदीच्या काठी या तेवीस वर्षांच्या शिपायाने जखमी साथीदारांना गोळीबारातून पाण्यापार आणले आणि एकट्याने तीन मशीनगन ठाणी निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ जुलै १९४४ रोजी, म्हणजे नेहरूंची लेखणी ऐन मध्यावर असताना, मराठा पलटणीचेच कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे त्याच इटलीत लढत होते. दुसऱ्या दिवशी, १० जुलैला, ते धारातीर्थी पडले आणि त्यांनाही तो सन्मान मरणोत्तर लाभला.

या दोघांच्या युद्धाचा जो मजकूर उपलब्ध आहे, तो शौर्यपदकाच्या अधिकृत प्रशस्तिपत्राचा. भाषा इंग्रजी, लांबी काही परिच्छेदांची. कोणती नदी, किती यार्ड, किती ठाणी, हे त्यात काटेकोरपणे दिलेले आहे. निमजहून सेनियोपर्यंत माणूस का आला आणि परतल्यावर त्याच्या गावात काय बदलले होते, हे लिहिण्याची त्या नमुन्यात जागा नसते.